एकांताचे घर : फिरदौस कांगा यांच्या ‘ट्राइंग टु ग्रो’मधील विकलांग आणि समलिंगी अनुभव

१. विषयप्रवेश

साहित्याच्या अभ्यासात ‘परिघावरचा माणूस’ ही संज्ञा आता परिचयाची झाली आहे. दलित, स्त्रीवादी, ग्रामीण आणि आदिवासी साहित्याच्या विचारातून या संज्ञेला आशय लाभला. मात्र परिघ एकच असतो आणि त्यावर प्रत्येकाची एक निश्चित जागा असते, असा एक समज या विचारात नकळत शिरला. प्रत्यक्षात एकच व्यक्ती अनेक परिघांवर एकाच वेळी उभी असते. १९८९ मध्ये अमेरिकन विधिज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात हा मुद्दा मांडला. वंशभेद आणि लिंगभेद यांची केवळ बेरीज करून त्या स्त्रियांचा अनुभव हाती लागत नाही, कारण दोहोंच्या छेदनबिंदूवर निर्माण होणारा अनुभव स्वतंत्र जातीचा असतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होय.

प्रस्तुत लेखात अशाच एका छेदनबिंदूचा विचार करावयाचा आहे. विकलांग असणे आणि समलिंगी, उभयलिंगी किंवा व्यापक अर्थाने ‘क्वीअर’ असणे हे दोन अनुभव एकाच देहात, एकाच घरात आणि एकाच दिनक्रमात नांदतात तेव्हा काय घडते, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी फिरदौस कांगा यांची ‘ट्राइंग टु ग्रो’ (१९९०) ही कादंबरी आधाराला घेतली आहे. कादंबरी इंग्रजीत असली तरी तिचे जग मुंबईचे, कुलाब्यातील एका पारशी कुटुंबाचे आहे. त्यामुळे मराठीच्या अभ्यासकाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. शिवाय, मराठी साहित्यकृतींना आपण कोणते प्रश्न अद्याप विचारलेले नाहीत, हे या कादंबरीच्या वाचनातून स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

२. दोन विमर्श आणि त्यांतील दुरावा

समलिंगी हक्कांचा विचार आणि विकलांगांच्या हक्कांचा विचार हे दोन्ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बळकट झाले. दोहोंचा प्रतिपक्ष एका अर्थाने समान होता. ‘स्वाभाविक देह’ आणि ‘स्वाभाविक इच्छा’ या कल्पना समाज निर्माण करतो आणि त्यांत न बसणाऱ्याला रुग्ण ठरवतो, ही जाणीव दोन्ही चळवळींत आहे. असे असूनही त्यांच्यात दीर्घकाळ दुरावा राहिला. त्याचे एक कारण युक्तिवादाच्या स्वरूपातच होते.

१९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून वगळले. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तसाच निर्णय घेतला. ‘आम्ही रोगी नाही’ हे या लढ्याचे मुख्य वाक्य होते आणि त्या काळात ते आवश्यकही होते. परंतु या वाक्यात एक गृहीतक दडलेले आहे. रोगी नसल्यामुळे आम्ही सन्मानास पात्र आहोत असे म्हटले, की ज्यांच्या देहाला वैद्यकशास्त्राने निदानाचे नाव दिलेले आहे त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. ज्याची हाडे जन्मतःच ठिसूळ आहेत त्याला ‘मी रोगी नाही’ असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. त्याला निदानासकट सन्मान हवा असतो.

दुसऱ्या बाजूने, विकलांगांच्या प्रश्नांची मांडणी शिक्षण, नोकरी, प्रवास आणि उपचार यांभोवती झाली. १९९५ च्या अपंग व्यक्तींसंबंधीच्या कायद्यात सात प्रकारच्या विकलांगतेचा समावेश होता. २०१६ च्या कायद्याने ही संख्या २१ वर नेली आणि हक्कांची भाषा अधिक ठाम केली. तरीही घरात, संस्थेत आणि कार्यालयात विकलांग व्यक्तीकडे इच्छा असलेला प्रौढ म्हणून पाहण्याची सवय रुजलेली दिसत नाही.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट मॅक्रुअर यांनी ‘क्रिप थिअरी’ (२००६) या ग्रंथात या दोन विमर्शांना जोडणारा दुवा दाखवला. एड्रियन रिच यांनी १९८० मध्ये ‘सक्तीची भिन्नलिंगिता’ ही संकल्पना मांडली होती. तिला समांतर अशी ‘सक्तीची सुदृढता’ मॅक्रुअर मांडतात. या दोन सक्ती परस्परांवर उभ्या आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. आदर्श पुरुष हा धडधाकट आणि स्त्रीविषयी आकर्षण बाळगणारा असावा, ही एकच अपेक्षा असते, दोन नव्हेत.

आपल्याकडील व्यवहारात ही गोष्ट लग्नाच्या बोलण्यात सर्वांत स्पष्ट दिसते. मुलाला स्त्रीविषयी ओढ नाही असा संशय आला, की ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ असा सल्ला मिळतो. मुलगा विकलांग असला, की ‘त्याचं कसलं लग्न’ असे म्हटले जाते. पहिल्याला विवाह औषध म्हणून दिला जातो, दुसऱ्याला तो अपथ्य म्हणून नाकारला जातो. विकलांगाला इच्छा नाहीच असे मानले जाते, तर समलिंगी व्यक्तीजवळ इच्छेवाचून दुसरे काही नाहीच असे मानले जाते. या दोन्ही समजुती एकाच व्यक्तीवर लादल्या गेल्या म्हणजे ती व्यक्ती समाजाच्या दृष्टीने जवळजवळ अशक्य ठरते. ‘ट्राइंग टु ग्रो’चा निवेदक अशी अशक्य ठरवलेली व्यक्ती आहे.

३. ब्रिटचे निवेदन

कादंबरीचा निवेदक ब्रिट कोतवाल याला अस्थिभंगुरतेचा जन्मजात विकार आहे. साध्या धक्क्यानेही त्याची हाडे मोडतात, उंची वाढत नाही आणि वावर चाकाच्या खुर्चीतून होतो. इंग्रजीत ठिसूळ या अर्थी जो शब्द आहे त्याचेच हे लाडके लघुरूप त्याचे नाव बनले आहे आणि इंग्रजांविषयी प्रेम बाळगणाऱ्या त्या पारशी घरात ते शोभूनही दिसते. एका नावात देहाचा विकार आणि समाजाचा इतिहास असे दोन्ही एकत्र आले आहेत. कादंबरीचे शीर्षकही असेच दुहेरी आहे. जो उंचीने वाढणार नाही त्याने वयाने, बुद्धीने आणि इच्छेने वाढण्याचा प्रयत्न करणे, हा तिचा विषय होय.

कांगा यांचा जन्म १९६० मध्ये मुंबईत झाला आणि त्यांना स्वतःलाही हाच विकार आहे. त्यामुळे कादंबरीला आत्मचरित्राचा आधार आहे हे उघड आहे. परंतु तिचे मोल केवळ या सत्यतेत नाही, तर ते निवेदनाच्या स्वरात आहे. ब्रिट स्वतःच बोलतो, आणि तो मिश्कील, किंचित तिखट स्वरात बोलतो. त्याचे आईवडील सॅम व सेरा आणि बहीण डॉली यांच्या घरात प्रेम आहे, थट्टा आहे, उपायांचा शोध आहे आणि त्या शोधातला हास्यास्पद भागही आहे. विकलांग पात्राविषयी वाचकाच्या मनात जी करुणा तयार असते, तिला हा विनोद उंबरठ्यावरच अडवतो. करुणा वाटणाऱ्याचे स्थान नेहमी वरचे असते. ब्रिट हसतो आणि हसवतो तेव्हा वाचकाला ते वरचे स्थान सोडावे लागते.

विनोदाचे आणखी एक कार्य आहे. विकलांग मूल कायम मूलच राहते, असा कुटुंबाचा समज असतो. उचलून घेणे, न्हाऊ घालणे, कपडे चढवणे या क्रिया बाळपणाशी जोडलेल्या असल्यामुळे ज्याच्यासाठी त्या प्रौढपणीही कराव्या लागतात तो प्रौढ आहे, हे विसरणे सोपे जाते. ब्रिटची तीक्ष्ण, प्रौढ भाषा या विस्मरणाविरुद्धचा पुरावा ठरते. देह उचलून नेता येतो, वाणी मात्र उचलून नेता येत नाही.

४. सायरस, एमी आणि कार्यकारणाचा मोह

कादंबरीच्या मध्यभागी सायरस हा शेजारी तरुण येतो. तो देखणा आहे, कायद्याचा विद्यार्थी आहे आणि ब्रिटशी बरोबरीच्या नात्याने वागतो. ब्रिट त्याच्या प्रेमात पडतो. पुढे एमी ही तरुणी येते आणि तिच्याशीही ब्रिटचे शारीरिक व भावनिक नाते जुळते. अशा कथानकाचे वाचन करताना समीक्षकाला कार्यकारणाचा मोह होतो. ब्रिटला चालता येत नाही म्हणून त्याला सायरसच्या सुदृढ देहाचे आकर्षण आहे, असे एक स्पष्टीकरण सहज सुचते. स्त्रिया त्याला स्वीकारणार नाहीत म्हणून तो पुरुषाकडे वळला, असे दुसरे स्पष्टीकरण तर त्याहून सोपे आहे.

ही दोन्ही स्पष्टीकरणे टिकत नाहीत. एमीच्या आगमनाने दुसरे स्पष्टीकरण कथानकातच खोटे ठरते. पहिल्यात अंशतः तथ्य आहे, पण ते केवळ ब्रिटपुरते मर्यादित नाही. प्रिय व्यक्तीच्या देहाविषयीच्या ओढीत तिला मिळवण्याची आणि तिच्यासारखे होण्याची इच्छा अनेकदा मिसळलेली असते. धडधाकट नायकाच्या बाबतीत आपण तिला प्रेम म्हणतो. विकलांग नायकाच्या बाबतीत मात्र तीच ओढ उणिवेची भरपाई म्हणून वाचली जाते. म्हणजे येथे दोष कादंबरीत नसून वाचनाच्या सवयीत आहे. भिन्नलिंगी इच्छेचे कारण आपण कधी विचारत नाही, इतर इच्छेला मात्र कारण दाखवण्याची अट घालतो, आणि विकलांगता हे अशा वेळी हाताशी असलेले सोयीचे कारण ठरते.

कांगा यांनी ब्रिटच्या इच्छेला विकलांगतेचा परिणाम ठरवले नाही, तसेच तिला विकलांगतेपासून तोडलेही नाही. सायरसने उचलून घेणे ही ब्रिटच्या दृष्टीने गरजही आहे आणि स्पर्शही आहे. ज्याच्या आयुष्यात दररोज इतरांचे हात देहाला लागतात, परंतु ते कामापुरते लागतात, त्याला कामाचा स्पर्श आणि प्रेमाचा स्पर्श यांतील भेद इतरांपेक्षा सूक्ष्मपणे कळतो. सुदृढ देहाच्या प्रेमकथेत स्पर्श ही घटना असते. येथे स्पर्श रोजचाच आहे आणि त्याचा अर्थ बदलणे ही घटना आहे. दोन अनुभवांच्या छेदनबिंदूवर वेगळ्या जातीचा अनुभव निर्माण होतो असे आरंभी म्हटले, त्याचा नेमका अर्थ येथे दिसतो.

५. एकांताचा प्रश्न

समलिंगी व्यक्तीने आपली ओळख उघड करण्याला इंग्रजीत ‘बाहेर येणे’ म्हणतात. आपल्याकडेही हा शब्दप्रयोग रूढ होत आहे. या रूपकात बंद जागा, दार आणि दारातून बाहेर पाऊल टाकणारा माणूस गृहीत धरलेला आहे. समलिंगी जीवनाच्या अनेक कथनांची रचनाही अशीच असते. नायक घर सोडतो, मोठ्या शहरात जातो, खोली घेतो आणि तेथे स्वतःसारखे जगू लागतो.

विकलांग व्यक्तीच्या बाबतीत या रूपकाचा प्रत्येक घटक अडखळतो. बंद जागा तिला मुळात मिळालेलीच नसते, कारण तिच्या खोलीचे दार मदतीसाठी सतत उघडे असते. पत्र वाचून दाखवायला, दूरध्वनी लावून द्यायला, स्नानगृहात न्यायला कोणीतरी जवळ असते. दारातून बाहेर पडायचे तर पुढे जिना असतो. घर सोडायचे तर ज्यांच्या हातांवर दिनक्रम चालतो ते हातही सोडावे लागतात. त्यामुळे ओळख लपवणे आणि ओळख उघड करणे हे दोन्ही पर्याय तिच्यासाठी सारखेच अवघड होतात. लपवण्यासाठी लागणारा एकांत तिला नसतो आणि उघड केल्यावर घर दुरावले तर पर्यायी आश्रय नसतो.

कायद्याच्या क्षेत्रातील घडामोडी या पार्श्वभूमीवर तपासून पाहण्यासारख्या आहेत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ कादंबरीच्या प्रकाशनकाळी अंमलात होते. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगीपणा, प्रतिष्ठा आणि समानता यांच्या आधारे प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून वगळले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही.

या निर्णयांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु खासगीपणाचा हक्क राज्यसंस्थेला दारापाशी थांबवतो. दाराच्या आत कोण असेल हे तो ठरवत नाही. ज्याच्या खोलीत पोलिस कधी येणार नाहीत, पण आई, आत्या किंवा परिचारिका दर तासाला येईल, त्याच्यासाठी एकांत हा केवळ कायद्याचा प्रश्न राहत नाही. तो घराच्या रचनेचा, पैशाचा आणि मदतीच्या व्यवस्थेचा प्रश्न होतो. कोतवाल कुटुंब सुशिक्षित, प्रेमळ आणि मोकळ्या विचारांचे आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. प्रेमळ घरातही एकांत मिळवावा लागतो, हे कादंबरी दाखवते. घर क्रूर असते तर प्रश्न सोपा झाला असता.

६. पडद्यावरील दोन रूपे

या कादंबरीवर आधारित ‘सिक्स्थ हॅपिनेस’ हा चित्रपट वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केला (१९९७). त्याची पटकथा कांगा यांनी लिहिली आणि ब्रिटची भूमिकाही त्यांनीच केली. चित्रपटातला ब्रिट थेट प्रेक्षकाकडे पाहून बोलतो. ज्याच्याकडे लोक आयुष्यभर टक लावून पाहत आले, तो आता पाहणाऱ्याकडे पाहतो. कादंबरीतील प्रथमपुरुषी निवेदनाला मिळालेला हा दृश्य पर्याय विशेष उल्लेखनीय आहे.

शोनाली बोस यांचा ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) हा चित्रपट याच प्रश्नाची स्त्रीच्या बाजूने मांडणी करतो. मेंदूच्या पक्षाघातामुळे चाकाच्या खुर्चीत वावरणारी लैला शिक्षणासाठी न्यूयॉर्कला जाते आणि तेथे खानुम या अंध तरुणीच्या प्रेमात पडते. लैला आपल्या आईला ‘आई’ अशीच हाक मारते. लैलाला न्हाऊ घालणारी, तिचे केस विंचरणारी हीच आई तिच्या संगणकावरील खासगी गोष्टीही पाहते. पुढे आपल्याला स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी ओढ असल्याचे लैला इंग्रजीतील आखूड शब्दाने सांगते, तेव्हा आईला तो ‘बाई’ असा ऐकू येतो, आणि घरकाम करून आपणही बाईच झालो आहोत, अशा आशयाचे उत्तर ती देते. हा प्रसंग विनोदी आहे, पण त्यात एक खोल सत्य आहे. मुलीच्या इच्छेचे उच्चारण आणि आईच्या श्रमांचे उच्चारण एकाच शब्दावर आदळले आहे. विकलांग व्यक्तीच्या एकांताचा विचार करताना तिची काळजी घेणाऱ्या स्त्रीच्या श्रमांचा आणि तिच्याही एकांताचा विचार टाळता येत नाही, हे येथे सूचित होते. लैलाची भूमिका मात्र विकलांग नसलेल्या अभिनेत्रीने केली आहे. ‘सिक्स्थ हॅपिनेस’शी तुलना करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

७. मराठी वाचनासाठी काही प्रश्न

जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ हे नाटक मतिमंद मुलाच्या आईवडिलांचा कोंडमारा अत्यंत प्रामाणिकपणे मांडते. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे १९८१ मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक स्त्रीच्या समलिंगी प्रेमाला मराठी रंगभूमीवर स्थान देते. दोन्ही कृती धाडसी आहेत. परंतु दोहोंत एक साम्य आहे. पहिल्यात मुलाचे आयुष्य आईवडिलांच्या यातनेतून दिसते, दुसऱ्यात मित्राची गोष्ट बापू सांगतो. ज्याचा देह किंवा ज्याची इच्छा ‘वेगळी’ आहे तो दुसऱ्याच्या दृष्टीतून आपल्यापर्यंत पोहोचतो. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) या कादंबरीत तनय आणि अनुजा ही भावंडे स्वतः बोलतात आणि या दृष्टीने ती पुढचे पाऊल टाकते. त्या कादंबरीतही घरातली भाड्याने दिलेली खोली ही एकांताची जागा आहे. मात्र त्या खोलीपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न तेथील पात्रांना पडत नाही, कारण त्यांच्या पायांना कोणतीच अडचण नाही. ही उणीव म्हणून सांगितलेली नाही. सुदृढता कथनात किती अदृश्यपणे काम करते, एवढेच येथे दाखवायचे आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. ‘हेवन ऑन व्हील्स’ (१९९१) या कांगा यांच्या प्रवासवर्णनात केंब्रिज येथे स्टीफन हॉकिंग यांच्याशी झालेल्या भेटीचे वर्णन आहे. तो भाग राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या इयत्ता आठवीच्या ‘हनीड्यू’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे होता. लक्षावधी मुलांना कांगा माहीत झाले ते चाकाच्या खुर्चीतील जिद्दी प्रवासी म्हणून. कादंबरीकार कांगा आणि उघडपणे समलिंगी असलेले कांगा त्या पाठात नाहीत. आठवीच्या वर्गाची मर्यादा मान्य केली तरी निवडीचे तत्त्व लपत नाही. विकलांगता प्रेरणेच्या रूपात वर्गात येऊ शकते, इच्छेच्या रूपात नाही. पदव्युत्तर वर्गात तरी हे तत्त्व तपासले गेले पाहिजे.

त्यासाठी संहितेला काही साधे प्रश्न विचारता येतील. निवेदन कोणाचे आहे? पात्राच्या खोलीचे दार कोण उघडते आणि कोण लावते? देहाला होणारा स्पर्श कामाचा आहे की नात्याचा, आणि हा भेद कोणाला कळतो? पात्राच्या इच्छेला कारण दाखवण्याची गरज लेखकाला वाटते काय, आणि वाचकाला का वाटते? काळजी घेणाऱ्याचे श्रम संहितेत दिसतात काय? हे प्रश्न नव्या साहित्यासाठी जितके उपयुक्त आहेत तितकेच जुन्या साहित्यासाठीही आहेत.

८. समारोप

विकलांग समलिंगी व्यक्तीचा अनुभव म्हणजे दोन दुःखांची बेरीज नव्हे, हे ‘ट्राइंग टु ग्रो’च्या वाचनातून दिसून येते. एकांत, स्पर्श, अवलंबन आणि प्रौढत्व या सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टींचे अर्थ त्या ठिकाणाहून वेगळे दिसतात. स्वातंत्र्य म्हणजे कोणावाचून न अडणे, हा आपला रूढ अर्थ आहे. ब्रिटला तो उपलब्ध नाही. दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून असतानाही आपली इच्छा आपली ठेवणे, हा स्वातंत्र्याचा अर्थ तो शोधतो.

हा अर्थ केवळ त्याच्याच उपयोगाचा आहे असे नाही. आजारपण आणि वार्धक्य बहुतेकांना कधी ना कधी इतरांच्या हातांवर सोपवते. त्या वेळी दार लावून घेण्याचा आणि ‘आत येऊ का’ असे विचारले जाण्याचा आपला हक्क शिल्लक राहावा, असे प्रत्येकालाच वाटेल. तो हक्क आज ज्यांना नाही त्यांच्या साहित्याकडे अभ्यासकांनी वळावे, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.